दार बाहेर उघडण्याचा मान

अथेन्समध्ये हिप्पिआस नावाचा एक हुकूमशहा होऊन गेला. इसवी सनापूर्वी ५२७ ते ५१० ही त्याची कारकीर्द. सगळ्या राज्यकर्त्यांना असते तशी त्यालाही पैशाची चणचण होती. त्यावर त्याने एक नामी युक्ती काढली. ज्यांच्या माडीचा भाग रस्त्यावर पुढे आलाय, ज्यांच्या पायऱ्या रस्त्यात उतरतात, ज्यांचं कुंपण रस्त्यात आहे आणि ज्यांची दारं बाहेरच्या बाजूला म्हणजे रस्त्यावर उघडतात, ते सगळे भाग त्याने सरळ विकायला काढले. गिऱ्हाईक कोण मिळणार? अर्थात ज्याची पायरी तोच! लोकांनी मुकाट्याने आपापल्या पायऱ्या आणि दारं विकत घेतली आणि खजिन्यात बऱ्यापैकी रक्कम जमा झाली. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या (पण बहुधा त्याने न लिहिलेल्या) एका पुस्तकात ही गोष्ट आहे. अनधिकृत बांधकाम दंड भरून नियमित करून घेण्याची पद्धत आपल्याकडच्या कुणा नगरसेवकाने शोधून काढली असं ज्यांना वाटतं त्यांनी याची नोंद घ्यावी.

ही गोष्ट वाचल्यापासून मला घराचं दार आणि सार्वजनिक रस्ता यांच्यामधल्या त्या दोन-तीन फुटांचं भलतंच कुतूहल वाटू लागलंय. उंबऱ्याच्या आत घरमालकाचं राज्य, रस्त्यावर नगरपालिकेचं. पण मधे जी पायरी असते, ओटा असतो, वर आलेलं पत्र्याचं छप्पर असतं, गटारावर टाकलेली शहाबादी फरशी असते, ती कुणाची? गेली अडीच हजार वर्षं माणसं यावर भांडतायत आणि सरकारं कायदे करतायत.

हिप्पिआस गेला, अथेन्समध्ये लोकशाही आली, तरी पायऱ्यांचा प्रश्न राहिलाच. पुढे तिथे 'अस्टिनोमोई' नावाचे दहा अधिकारी नेमले जायचे. पाच अथेन्सला आणि पाच बंदरावर. आजच्या भाषेत वॉर्ड ऑफिसर म्हणा ना. रस्ता दाबून घर बांधू द्यायचं नाही, रस्त्यावर सज्जे काढू द्यायचे नाहीत, वरच्या मजल्याचं पाणी रस्त्यावर पडेल अशी पन्हळ बसवू द्यायची नाही आणि रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या होऊ द्यायच्या नाहीत, ही त्यांची कामं. शिवाय मैला वाहणाऱ्यांनी तो गावापासून ठराविक अंतराच्या आत टाकू नये हे बघायचं आणि बासरी वाजवणाऱ्या मुलींनी दोन द्राख्मांपेक्षा जास्त बिदागी घेऊ नये हेही बघायचं. वॉर्ड ऑफिसरच्या गळ्यात वाट्टेल ती कामं घालण्याची परंपरा किती जुनी आहे बघा.

दाराबद्दल प्लूटार्कने एक फार मजेशीर गोष्ट लिहून ठेवलीय. तो म्हणतो की जुन्या काळी ग्रीकांची दारं बाहेर उघडायची, म्हणून त्यांच्या नाटकांत घरातून बाहेर पडणारा माणूस आधी आतूनच दारावर टकटक करतो. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या थोबाडात दार बसू नये म्हणून! रोममध्ये मात्र घरांची दारं आत उघडत. तिथे मार्कस व्हॅलेरियस नावाच्या सेनापतीने मोठा विजय मिळवला तेव्हा त्याला सरकारी खर्चाने घर बांधून दिलं आणि बहुमान म्हणून त्या एकट्या घराचं दार बाहेर उघडेल असं बसवलं. म्हणजे हा माणूस घराबाहेर पडताना सार्वजनिक जागेचा एक तुकडा रोज वापरणार, आणि तो त्याला जनतेने दिलेला आहे. मला ही कल्पना जबरदस्त वाटली. बाहेर उघडणारं दार ही फुकट घ्यायची गोष्ट नाही, ती गावाने दिली तर घ्यायची.

आपल्याकडे काय होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शहराच्या प्रमुख अधिकाऱ्याला 'नागरिक' म्हटलंय. (हा शब्द अधिकाऱ्याकडून आपल्याकडे कधी आला कोण जाणे. अधिकार मात्र सोबत आले नाहीत.) या नागरिकाच्या प्रकरणात दंडांची यादी आहे. रस्त्यावर केर टाकला तर एक अष्टमांश पण, चिखलपाण्याने वाट अडवली तर पाव पण, आणि हेच राजमार्गावर केलं तर दुप्पट. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसालासुद्धा गल्ली आणि हमरस्ता यांचा हिशोब वेगळा ठेवावासा वाटला हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे सगळे वाद याच फरकावरून होतात.

पेशवाईत हे काम कोतवालाकडे होतं. कोतवालाच्या कामांची जी यादी उपलब्ध आहे, तिच्यात भाव ठरवणं, घरजागांच्या खरेदीविक्रीवर लक्ष ठेवणं, गावात कोण आलं-गेलं याची नोंद ठेवणं यांच्याबरोबर रस्ते, गल्ल्या आणि घरं यांचे तंटे मिटवणं हेही कलम आहे. म्हणजे शेजाऱ्याने बोळात पायरी सारली तर कोतवालाच्या चावडीवर जायचं. मात्र सगळ्या गावाला लागू असा पायरीच्या मापाचा नियम नाही. तंटा आला की निवाडा. वाड्यांचा प्रश्न तसाही कमी होता. वाड्याचं तोंड आत, चौकाकडे. रस्त्याकडे नुसती भिंत आणि एक भक्कम दरवाजा, त्याला दिंडी. तो दरवाजा आतच उघडणार, कारण अडसर आतून लावायचा असतो. बाजारपेठेतली दुकानं मात्र रस्त्यावर जगायची. दुकानाच्या फळ्या काढल्या की पुढचा ओटा हेच दुकान, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं.

आता जरा इंग्लंडला जावं लागेल, कारण आपला आजचा कायदा तिथून आलाय. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये ज्याने त्याने आपल्या घरापुढच्या रस्त्याची फरसबंदी करायची असा रिवाज होता. परिणाम काय होणार ते सांगायला नको. एकाची फरशी उंच, दुसऱ्याची खाली, तिसऱ्याने केलीच नाही. शिवाय दुकानांच्या भल्यामोठ्या लाकडी पाट्या लोखंडी दांड्यांवर रस्त्यावर लटकलेल्या, वाऱ्यात करकरणाऱ्या. १७६२ साली वेस्टमिन्स्टरसाठी एक कायदा झाला आणि फरसबंदीचं काम घरमालकांकडून काढून आयुक्तांच्या मंडळाकडे दिलं गेलं. लटकणाऱ्या पाट्या उतरवायचा अधिकारही त्यांना मिळाला. (त्याच वर्षी काही खट्याळ मंडळींनी लंडनमध्ये जुन्या पाट्यांचं चक्क चित्रप्रदर्शन भरवलं होतं.) पाट्या गेल्यावर घरं ओळखायची कशी म्हणून पुढच्या काही वर्षांत घरांना नंबर देणं रूढ झालं. एक पाटी काढली की पत्ता लिहायची पद्धत बदलते, ही गंमत आहे खरी. पण त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे घरासमोरच्या रस्त्याची जबाबदारी गेली आणि तिच्याबरोबर हक्कही गेला. जोपर्यंत पुढची फरशी मी घालत होतो तोपर्यंत तिच्यावर एखादी पायरी ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

१८४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने शहरसुधारणेच्या कलमांचा एक कायदा केला. कोणत्याही गावाला आपला कायदा करताना त्यातली कलमं उचलता यावीत असा तो तयार मसुदा होता. त्यात पुढे आलेल्या पायऱ्या, ओटे, पाट्या, सज्जे काढायला लावण्याची कलमं आहेत. आणि त्यानंतर लगेच दाराचं कलम आहे: यापुढे रस्त्यावर उघडणारं कुठलंही दार वा फाटक बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवायचं नाही. जुनी दारं असतील तर तीही बदलता येतील. अपवाद फक्त सार्वजनिक इमारतींचा, तोही आयुक्तांनी परवानगी दिली तर. मार्कस व्हॅलेरियसचा मान इथे कायद्यात परत आला म्हणायचा!

हा अपवाद किती मोलाचा होता ते पुढे फार वाईट तऱ्हेने कळलं. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंड गावात मुलांच्या खेळानंतर बक्षिसं वाटली जात होती. गॅलरीतली मुलं ती घ्यायला जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाशी आत उघडणारं दार होतं, एका वेळी एकच मूल जाईल इतकी फट ठेवून खिटी लावलेलं. १८३ मुलं चेंगरून आणि गुदमरून गेली. चारच वर्षांनी, १८८७ च्या सप्टेंबरात, एक्सेटरच्या नाट्यगृहाला आग लागून १८६ माणसं मेली. गर्दीच्या जागेची दारं बाहेरच उघडली पाहिजेत आणि आतून ढकलताच उघडली पाहिजेत, हे या मृत्यूंनी शिकवलं. म्हणजे एका कायद्याने म्हणायचं दार आत उघडा, वाटसरूला लागेल. दुसऱ्याने म्हणायचं बाहेर उघडा, आतला मरेल. दोन्ही बरोबर. तोड एकच, आणि ती सुताराला आधीच ठाऊक होती: दार रस्त्याच्या कडेवर न लावता आत सरकवून लावायचं, म्हणजे ते बाहेर उघडलं तरी आपल्याच जागेत उघडतं. थिएटरांची दारं एवढी खोबणीत का असतात असा प्रश्न कुणाला पडला असेल तर हे त्याचं उत्तर.

आता मुंबई. १८६५ च्या कायद्याने मुंबईत म्युनिसिपल कमिशनर हे पद आलं. १८७२ मध्ये सुधारणा झाली, आणि १८८८ मध्ये जो कायदा झाला, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता, तो दुरुस्त्या होत होत आजही मुंबईत लागू आहे. एक्सेटरच्या आगीनंतर वर्षभरातला हा कायदा. त्यातल्या रस्त्यांच्या प्रकरणात वर सांगितलेलं सगळं इंग्लिश बिऱ्हाड सापडतं. तळमजल्याचं दार, फाटक वा खिडकी रस्त्यावर उघडून वाहतुकीला अडथळा करत असेल तर कमिशनर नोटीस देऊन ते बदलायला लावू शकतात. रस्त्यावर पुढे येणारं काहीही बांधायला बंदी. पुढे पुणे आणि इतर शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा झाला त्यातही जवळपास हेच शब्द आहेत. पुण्यात बसून आपण दाराच्या बिजागऱ्यांबद्दल जे कलम पाळतो (किंवा पाळत नाही) त्याचं खापरपणजोबांचं घर १८४७ च्या लंडनमध्ये आहे.

या कायद्यातलं माझ्या मते सगळ्यात विचार करण्यासारखं प्रकरण म्हणजे 'रस्त्याची नियमित रेषा'. हे जरा नीट सांगतो. कमिशनर नकाशावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ मारतात. आज रस्ता वीस फुटी असेल, रेघ चाळीस फुटांवर मारली. त्या रेघेच्या आत तुमचं घर येत असेल तर ते लगेच पाडत नाहीत. ते उभं राहू देतात. पण ते पडलं, जळलं किंवा तुम्ही ते नव्याने बांधायला काढलं की मागे सरकून बांधायचं. पुढची जागा रस्त्यात जाते आणि तिची भरपाई मिळते. (हल्ली पैशाऐवजी बहुधा एफएसआय नाहीतर टीडीआर.) म्हणून जुन्या पेठांतून चालताना एक इमारत पुढे, एक मागे, परत एक पुढे, असे दात पडल्यासारखे रस्ते दिसतात. प्रत्येक मागे गेलेली इमारत म्हणजे तिथलं जुनं घर मेलं. पुढे आलेली अजून जिवंत आहेत. आमचे एक स्नेही म्हणायचे, रस्तारुंदी ही घरांच्या मरणाची वाट बघत बसलेली गोष्ट आहे.

घराबाबत हा सबुरीचा कायदा. पण पायरीबाबत? तिथे वेगळं कलम आहे. रेघेच्या आत मोकळी जागा असेल, किंवा घराला बाहेरून लागून ओटा, पडवी, पायरी, कुंपण असं काही असेल, तर किमान सात दिवसांची लेखी नोटीस देऊन कमिशनर ते ताब्यात घेऊ शकतात. घराला त्याचं आयुष्य संपेपर्यंत मुदत आणि पायरीला सात दिवस! कायदा करणाऱ्याच्या डोक्यात घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर. पायरी, ओटा ही वरची लावालावी. इंग्लंडच्या थंडीत बसून तसं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे दुपारी चारनंतर अर्धं घर ओट्यावर असायचं हे त्यांना कोण सांगणार? वाटाणे सोलणं, वेणीफणी, पेपर, गप्पा, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, सगळं तिथे.

अर्थात ओट्याबद्दल फार गळे काढायलाही नकोत. ब्लॉगांवर वाडासंस्कृतीच्या आठवणी वाचताना नेहमी वाटतं की त्यात एक गोष्ट सोयीस्कर गळते. ओटा सगळ्यांचा नव्हता. त्यावर कोण बसणार, पायरीशी कोण थांबणार आणि कुणी रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारायची, हे गावात ठरलेलं होतं. 'पायरी ओळखून रहा' हा वाक्प्रचार काही उगाच आलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा ते जे ओलांडू देत होते ती ही वाट होती. म्युनिसिपालटीने फुटपाथ काढला, त्यावर कुणीही कुणालाही न विचारता उभं राहू शकतं, हा ओटा गेल्याचा एक फायदाच आहे. मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात आणि त्यांची वजाबाकी करून उत्तर काढता येत नाही.

मुंबईत एका ठिकाणी मात्र कायद्याने ओटा न तोडता वेगळाच मार्ग काढला. फोर्टच्या तटभिंती १८६० च्या दशकात पाडल्यावर हॉर्नबी रोड रुंद झाला, तोच आजचा दादाभाई नौरोजी रोड. १८९६ मध्ये तिथे नियम झाला की रस्त्याकडेच्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग वाट ठेवली पाहिजे. वर इमारत मालकाची, तिची शैली त्याची. कुणी गॉथिक बांधा, कुणी आणखी काही. पण खालची कमानींची वाट सगळ्यांना सारखी. त्यामुळे सीएसएमटीपासून फाउंटनपर्यंत पावसात डोकं न भिजवता बरंच अंतर जाता येतं. तुमचं प्रवेशद्वार तुमच्याच जागेत मागे घ्या, आणि पुढची सावली गावाला द्या. त्या कमानींखाली आज फेरीवाल्यांची गर्दी असते, चालायला जेमतेम वाट उरते, हे खरं. तरी पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशावर नुसती रेघ न मारता तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचा विचार केला होता, हे त्या कमानींखालून जाताना जाणवतं.

आता नात्यातल्या मंडळींना माहीत असलेली एक गोष्ट. आमच्या आत्याचं घर तालुक्याच्या गावी बाजाररस्त्यावर. गावाचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. जोतं उंच, दारापुढे दगडी तीन पायऱ्या, मधली झिजून खोलगट झालेली. रस्ता रुंद झाला आणि पायऱ्या गेल्या. रीतसर गेल्या, नोटीस आली होती, तक्रारीला जागा नव्हती. घर रेघेच्या बाहेर होतं, ते राहिलं. फक्त झालं असं की दार जमिनीपासून अडीच फुटांवर हवेत. आतून जिना काढायचा तर ओसरी खणायची, म्हणजे भिंतच धरणार नाही असं गवंडी म्हणाला. मग आत्येभावाने लाकडी पायऱ्यांचा एक घोडा करून घेतला. सकाळी दारापुढे लावायचा, रात्री आत ओढून घ्यायचा. तोही दोनदा उचलून नेला. आम्हाला तेव्हा तो आचरटपणा वाटला होता. नंतर मुंबईचा कायदा वाचताना कळलं की रस्त्यावर ज्या गोष्टींना बंदी आहे त्यांच्या यादीत भिंत, कुंपण, कठडा, खांब यांच्या पंक्तीला पायरी आहेच, आणि पुढे असंही आहे की ती वस्तू पक्की असो वा हलती, कायमची असो वा तात्पुरती. गावच्या नगरपालिकेचा कायदा वेगळा, १९६५ चा, पण घराणं तेच.

आत्या तेव्हा सत्तरीला आलेली. घोडा असला तरी त्याला कठडा नव्हता, हात धरायला कुणीतरी लागायचं. हळूहळू तिने देवळात जाणं सोडलं, मग भाजीला जाणं. ओट्यावर बसणं तर नव्हतंच. शेवटची चारपाच वर्षं ती खिडकीशी बसायची. त्यात कुणाची चूक काढायची? समोरून एसटी जायला लागली, शाळेच्या पोरांना कडेने चालायला जागा झाली, हे आम्हीच सांगायचो. एवढंच म्हणेन की सात दिवसांची ती नोटीस छापणाऱ्याने या दारातून बाहेर पडणारी माणसं किती वयाची आहेत हा रकाना त्यात ठेवलेला नव्हता. आजही नसतो.

पुढे आणखी मौज. (मौज कसली!) दर दोनचार वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर. रस्ता वर येत गेला. अडीच फुटांचं दोन झालं, मग दीड, मग एक. घोडा लागेनासा झाला. आता दारापुढे एकच पायरीभर उंची उरलीय आणि पावसाळ्यात रस्त्याचं पाणी उंबऱ्याशी येतं. आत्येभाऊ म्हणतो, अजून दोन थर थांबलो असतो तर आई रस्त्यावर चालत गेली असती.

गटारावरच्या फरशीचंही असंच. दुकानापुढे उघडं गटार असेल तर गिऱ्हाईक येणार कसं, म्हणून प्रत्येक दुकानदार आपल्यापुरती फरशी टाकतो. कायद्याने गटारावर परवानगीशिवाय काहीही टाकायला बंदी आहे आणि त्याला कारणही आहे: फरशीखालचं गटार साफ करता येत नाही. शंभर दुकानांच्या शंभर फरशा झाल्या की पहिल्या मोठ्या पावसात शंभरही दुकानांत पाणी. लंडनच्या त्या घरापुढच्या फरसबंदीसारखंच हे. इथे मी म्युनिसिपालटीच्या बाजूने आहे. पण मग आत जाण्याची वाट करून देणं हेही तिचंच काम नाही का? ब्रिटनमध्ये आज तुम्हाला घरापुढचा फुटपाथ उतरता करून गाडी आत घ्यायची असेल तर रस्त्याच्या खात्याकडे, म्हणजे बहुधा तिथल्या कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. जागा धोक्याची आहे का ते बघून परवानगी मिळते आणि खर्च तुम्ही द्यायचा. १९८० च्या त्यांच्या महामार्ग कायद्यात हे आहे, आणि रस्त्यावर दार बाहेर उघडू नये हे जुनं कलमही त्याच कायद्यात शिल्लक आहे. आपल्याकडे सोसायटीचा बिल्डर फुटपाथ फोडून उतार करून टाकतो आणि वर फाटकाला पाटी: 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.' हा अधिकार कुठल्या कलमाखाली मिळतो ते काही मला सापडलं नाही!

या कलमांची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती पायरीवरून नव्हे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या मूळ गावी पाठवायचं. त्यासाठी हत्यार कुठलं होतं? १८८८ च्या कायद्याची तीच कलमं, ३१२ ते ३१४. रस्त्यावर भिंत, पायरी, टपरी उभी करू नये, आणि केली तर कमिशनर ती नोटीस न देता काढू शकतात. पायरीला निदान रेघेच्या कलमात सात दिवस होते. झोपडीला एकही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी ती चढले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला. तो लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, जन्म पुण्याचा, आणि निवृत्ती अगदी उंबऱ्यावर आलेली.

निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यात ठामपणे आलं. रोजगाराच्या जवळच्या जागेवरून माणूस हटवला की त्याचं पोट हटवल्यासारखं आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण फुटपाथ हे चालण्यासाठी असतात आणि त्यावर घर करण्याचा हक्क कुणाला नाही, हेही त्याच निकालात आहे. कलम घटनाबाह्य ठरलं नाही. मात्र नोटीस न देता काढू शकतात याचा अर्थ नोटीस न देताच काढायचं असा नाही. तो अधिकार आहे, आज्ञा नव्हे, आणि एरवी माणसाचं म्हणणं ऐकूनच तो वापरायचा, असा अर्थ न्यायालयाने लावला. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. आणि पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर १९८५ येईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही असं बजावलं. १८८८ च्या त्या कलमांत पावसाळ्याचा उल्लेख नव्हता.

आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक वापराच्या इमारतींना उतार, म्हणजे रॅम्प, लागतो. बँक असो, दवाखाना असो. जुन्या बाजारातल्या इमारती थेट रस्त्याच्या रेघेवर उभ्या. दीड फूट चढायचं तर नियमाप्रमाणे उतार अठरा फूट लांब हवा, फुटाला एक इंच. तो आत काढायला जागा नाही, बाहेर काढला तर फुटपाथवर अतिक्रमण. मग काही ठिकाणी दाराला घसरगुंडीसारखा लोखंडी पत्रा लावलेला दिसतो, ज्यावरून चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला चार. काही ठिकाणी तो पत्रा बिजागरीवर आहे, बेल वाजवली की शिपाई येऊन खाली सोडतो, काम झालं की परत वर. परवा एका बँकेपुढे असा पत्रा खाली सोडलेला होता, एक बाई वडिलांना खुर्चीतून आत नेत होती, आणि तेवढा वेळ फुटपाथवरची सगळी माणसं खाली रस्त्यात उतरून पलीकडे जात होती. कुणी काही बोललं नाही.